माहीतच नसेल तर जगायचं कसं? – च्वांगत्सु, वांग नी आणि तिंगचा सुरा

उंबरठा

गेले सात-आठ महिने रोज रात्री दोन-चार पानं असं करत च्वांगत्सु वाचतेय, इंग्रजी भाषांतरातून. ताओवादाचा आद्य गुरू लाओत्से आधी वाचला होता, आवडलाही होता, पण च्वांगत्सुनं जे धरलंय ते सोडतच नाहीये. एक गाठ काही केल्या सुटत नाही म्हणून हा धागा काढतेय. इथे तत्त्वज्ञान वाचणारी बरीच मंडळी आहेत, मोकळेपणाने लिहा.

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. च्वांग चौ, म्हणजेच च्वांगत्सु, हा चीनमधला इ. स. पू. चौथ्या शतकातला ताओवादी माणूस, सोंग राज्यातल्या मंग गावचा, रोगणाच्या झाडांच्या बागेवर किरकोळ अधिकारी होता असं इतिहासकार स-मा छ्येननं लिहून ठेवलंय. सगळीकडे लढाया चालू असलेला काळ, एकेक राज्य दुसऱ्याला गिळतंय आणि प्रत्येक दरबारात कुणी ना कुणी विद्वान राजाला सांगतोय की माझाच मार्ग बरोबर. त्याच्या नावाचं पुस्तक ३३ प्रकरणांचं आहे, त्यातली पहिली ७ ‘आतली’ म्हणतात, ती बहुतांशी त्याची स्वतःची असं मानतात, बाकीची शिष्यांनी आणि नंतरच्यांनी लिहिली असावीत.

आता गाठ. दुसऱ्या प्रकरणात न्ये च्वे हा वांग नी नावाच्या गुरूला विचारतो, सगळ्यांना मान्य होईल असं बरोबर काय ते तुम्हाला माहीत आहे का? तो म्हणतो, मला कुठून माहीत असणार! मग विचारतो, बरं, तुम्हाला माहीत नाही एवढं तरी माहीत आहे का? परत तेच, मला कुठून माहीत असणार! आणि मग तो उलट विचारायला लागतो. माणूस ओलीवर झोपला तर त्याची कंबर धरते, चिखलातल्या माशाची धरते का? माणूस झाडावर चढला की पाय लटपटतात, माकडाचे लटपटतात का? मग या तिघांपैकी राहायची योग्य जागा कुणाला कळली? माणूस मांस खातो, हरणं गवत, घुबडाला उंदीर आवडतो. ज्या बायकांना माणसं सुंदर म्हणतात त्यांना बघून मासे तळाला जातात, पाखरं उडून जातात. यातली खरी चव कुणाची, खरं सौंदर्य कुणाला कळलं?

हे वाचून मी एकदम गप्प झाले होते, खरंच. आणि मग तिसरं प्रकरण येतं, त्यात तिंग नावाचा आचारी बैल सोडवतोय (म्हणजे कापून मांस हाडांपासून वेगळं करतोय) आणि राजा बघत उभा आहे, आणि तिंग असा काही ठामपणे बोलतो की याला सगळं माहीत आहे. चांगला आचारी वर्षाला सुरा बदलतो कारण तो कापतो, सामान्य आचारी महिन्याला बदलतो कारण तो घाव घालतो, माझा सुरा १९ वर्षांचा आहे, हजारो बैल सोडवले आणि धार अशी की आत्ता सहाणेवरून उतरवलाय. राजा म्हणतो, वा, आज मला आयुष्य कसं जपायचं ते कळलं.

तर माझा प्रश्न असा की दुसऱ्या प्रकरणात कुणालाच काही माहीत नाही आणि तिसऱ्यात ‘असं जगावं’ म्हणून एक माणूस समोर ठेवलाय, हे जमतं कसं? कशालाच बरोबर म्हणता येत नसेल तर तिंगचं कापणं बाकीच्यांपेक्षा चांगलं कशावरून?

तिरपा_प्रकाश

प्रश्न छान आहे पण माझं मत सरळ आहे, नाही जमत. संशयवाद्यांची ही कायमची अडचण आहे. ‘काहीच कळत नाही’ हे म्हणायला तरी काहीतरी कळावं लागतं. आणि दुसरं, मला यात धोका वाटतो. बरोबर-चूक काही नसतंच म्हटलं की जुलूम करणाऱ्याला रान मोकळं. ती माकडांची गोष्ट घ्या ना. माकडं पाळणाऱ्यानं सकाळी तीन फळं आणि संध्याकाळी चार म्हटलं तर माकडं चिडली, मग सकाळी चार आणि संध्याकाळी तीन म्हटलं तर खूष झाली. एकूण सातच. हे तर सरळसरळ लोकांना गुंडाळणं झालं, आणि ही गोष्ट सांगणाऱ्याकडून मी जगण्याचा मार्ग का शिकावा?

उंबरठा

तिरपा_प्रकाश, माकडांच्या गोष्टीबद्दल तुम्ही म्हणताय तो अर्थ खरंच आहे, पण तो ‘लिएत्सु’ या दुसऱ्या ताओवादी पुस्तकात. तिथे ही गोष्ट परत येते आणि शेवटी स्पष्ट म्हटलंय की शहाणा माणूस अशाच युक्तीनं अडाण्यांना पिंजऱ्यात ठेवतो. मला तो शेवट अजिबात आवडत नाही. च्वांगत्सुमध्ये तो नाहीच. तिथे असं आहे की माकडवाल्याचा ‘तीन आधी, चार नंतर’ असा हट्टच नव्हता. त्यांना सकाळी चार हवीत, ठीक आहे, चार घ्या. याला तो ‘दोन वाटांनी चालणं’ म्हणतो. म्हंजे माझी वाट माझ्याकडे, तुझी तुझ्याकडे, आणि आपण चालतोय. आपल्या घरात निम्मी भांडणं सकाळी तीन की चार यावरच असतात असं मला वाचताना फार जाणवलं.

अविचारित

ताई, धाग्याबद्दल आभार, खूप दिवसांनी इथे काहीतरी वाचावंसं वाटलं.

संशयवाद म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी नाहीत, त्याबद्दल थोडं. ग्रीसमधला पिऱ्हो जवळजवळ च्वांगत्सुच्याच काळातला, तो अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतापर्यंत आला होता असं सांगतात. त्याच्या परंपरेतला सेक्स्टस नंतर लिहितो की आम्ही निवाडा थांबवतो, हेही खरं म्हणत नाही आणि तेही नाही. मग लोकांनी हाच प्रश्न केला, जगता कसे? तर तो म्हणतो चार गोष्टींच्या आधारानं: इंद्रियं-बुद्धीची स्वाभाविक दिशा, तहान-भूक, चालत आलेले रीतिरिवाज आणि शिकलेली कला किंवा धंदा. चौथी बघा! तिंगच की तो.

आपल्याकडे जयराशि भट्ट, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराचा, त्याच्या तत्त्वोपप्लवसिंहाची पोथी १९२६ साली गुजरातेत पाटणला सापडली. या माणसानं प्रत्यक्ष, अनुमान अशी सगळी प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, एकेक करून उडवून लावली. आणि शेवटी काय म्हणतो, तर तत्त्वं अशी सगळी कोलमडली तरी लोकांचे व्यवहार ‘अविचारितरमणीय’ (खोलात न शिरता रमणीय) होऊन चालूच राहतात. हा शब्द मला इतका आवडला की इथलं नावच त्यावरून घेतलं.

पण च्वांगत्सु मला या दोघांपेक्षा वेगळा वाटतो. सेक्स्टस आणि जयराशि म्हणतात सिद्धांत पडले तरी जगणं चालू राहील, जसं होतं तसंच. च्वांगत्सु म्हणतो जगणं बदलेल, सुधारेल. सिद्धांताचं ओझं उतरलं की हात मोकळे होतात. आणि ‘काहीच कळत नाही’ असं तो कुठेच ठासून सांगत नाही, वांग नीसुद्धा नाही, तो फक्त विचारतो. विधान केलं असतं तर तिरपा_प्रकाश म्हणतात तसा पकडला गेला असता, प्रश्नाला कसं पकडणार?

तिरपा_प्रकाश

प्रश्न विचारून निसटणं ही पळवाट झाली, क्षमा करा, पण मला तसंच वाटतं. दुसऱ्याच प्रकरणात च्वांगत्सु म्हणतो की तुझा-माझा वाद झाला, तू जिंकलास, म्हणून तू बरोबर का? तिऱ्हाईताला बोलवावं तर तो तुझ्या मताचा असेल तर तुझ्याकडून बोलणार, माझ्या मताचा असेल तर माझ्याकडून, दोघांच्याही मताचा नसेल तर तो आणखी तिसराच वाद. लॉजिक म्हणून एकदम पक्कं आहे हे मान्य. पण मग कोर्टं बंद करायची का? अन्याय झालेल्यानं कुणाकडे जायचं? मला याचं उत्तर हवंय.

मधली_आळी

मी तत्त्वज्ञानातला माणूस नाही पण उंबरठाताईंनी मागे एका धाग्यात समुद्रपक्ष्याची गोष्ट लिहिली होती ती वाचून मी दोन दिवस झोपलो नव्हतो म्हणून लिहितोय. लू राज्यात एक समुद्रपक्षी येऊन उतरला, राजाला इतका आनंद झाला की त्याला देवळात नेलं, दारू पाजली, दरबारी संगीत लावलं, बैल-डुकराचं मांस वाढलं, पक्षी बावरला, एक घास खाल्ला नाही आणि तीन दिवसांत मेला. च्वांगत्सु म्हणतो राजानं स्वतःला जे मानवतं त्यावर पक्षी पोसायला घेतला, पक्ष्याला जे मानवतं त्यावर नाही.

माझ्या मुलाला दहावीनंतर मी दुसऱ्या शहरात क्लासला हॉस्टेलवर ठेवलं. मला शंभर टक्के खात्री होती. पैसे काढून भरले, चांगल्यात चांगली खोली घेतली, दर रविवारी डबा घेऊन जायचो, त्याच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी, चकल्या, तो डबा मला दुसऱ्या रविवारी तसाच परत मिळायचा आणि मी विचारायचो अरे खात का नाहीस, पण काय होतंय असं एकदाही विचारलं नाही कारण मला माहीतच होतं ना की चांगलं चाललंय. चार महिन्यांनी तो बोलायचाच बंद झाला तेव्हा घरी आणला. आता शेतीच्या डिप्लोमाला आहे, हसतो, जेवतो. हे तरी त्याच्यासाठी बरोबर आहे का, मला माहीत नाही. पण आता मी त्याला विचारतो आणि तो सांगेपर्यंत थांबतो.

तेव्हा तिरपा_प्रकाश दादा, तुम्ही म्हणता संशयामुळे जुलूम करणाऱ्याला रान मोकळं होतं, माझा अनुभव उलटा आहे. माझ्या हातून झाला तो जुलूमच होता आणि तो खात्रीमुळे झाला.

तिरपा_प्रकाश

मधली_आळी, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. यावर वाद घालणार नाही. मुलाला माझ्या शुभेच्छा सांगा.

अविचारित

मधली_आळींची पोस्ट वाचून थांबलो होतो थोडा वेळ.

कोर्टाच्या प्रश्नाला धरून एक. चौथ्या प्रकरणाची सुरुवात त्यावरच आहे. येन ह्वेई, कन्फ्यूशियसचा लाडका शिष्य, तो वेई राज्यात जायला निघालाय, तिथला राजा तरुण, मनमानी, माणसं मरून पडलीत आणि याला जाऊन ते थांबवायचंय. च्वांगत्सु इथे कन्फ्यूशियसच्याच तोंडी आपलं म्हणणं घालतो. तो शिष्याला असं म्हणत नाही की बरोबर-चूक नसतंच, कशाला जातोस. म्हणतो की तू जे घेऊन चाललायस, तुझा चांगुलपणा, तुझे मुद्दे, तुझं सगळं ठरलेलं, ते घेऊन गेलास तर तो तुला मारेल आणि लोकांचंही भलं होणार नाही. आधी मनाचा उपास कर. रिकामा होऊन जा, कान लावून जा, ऐकलं जात असेल तर बोल, नसेल तर थांब. आणि लक्षात घ्या, त्या काळात शिक्षा म्हणून पाय तोडत असत, पाचव्या प्रकरणात पाय तोडलेली माणसं एकामागून एक येतात आणि तीच सगळ्यात थोर दाखवलीत. अन्याय त्याला दिसत नव्हता असं कोण म्हणेल.

रानजाई

तिंगच्या गाठीबद्दल लिहू का? माझं वाचन फार नाही, पण ताईंनी पाठवलेलं ते प्रकरण मी तीनदा वाचलं.

सासूबाईंनी मला भाकरी शिकवली तेव्हा मी विचारायचे पाणी किती घालू, त्या म्हणायच्या पीठ मागेल तेवढं. तेव्हा राग यायचा, सांगायचं नसेल तर तसं सांगा ना! पण खरंच सांगता येत नाही ते. ज्वारी जुनी असेल किंवा पीठ दळून दिवस झाले असतील तर पिठाची विरी जाते, मग थापताना कडा चिरतात, उलटायला गेलं की मोडते, तेव्हा आधणाचं पाणी घालून मळावं लागतं. नवीन पीठ असेल तर साध्या पाण्यातही लोण्यासारखं होतं. सासूबाई परातीत पाण्याचा एक शिंतोडा द्यायच्या, चिमटीत पीठ दाबायच्या, बोटं उघडून बघायच्या आणि मगच काय ते ठरवायच्या. चौदा वर्षं झाली मला, रोजच्या पंधरा-वीस भाकऱ्या होतात, हात आपोआप चालतो, पण गिरणीतून पिठाचा नवीन डबा आला की आजही पहिल्या भाकरीला मी थांबते. चिमूट दाबते. कारण मला भाकरी येते पण हे पीठ मला माहीत नाही.

तिंग पण तेच म्हणतोय ना? १९ वर्षांचा सुरा वगैरे सांगून झाल्यावर तो म्हणतो की तरीसुद्धा, जिथे शिरा-हाडं गुंतलेली असतात अशी जागा आली की मला अवघड दिसतं, मी सावध होतो, नजर तिथेच धरतो, हात हळू करतो, सुरा अगदी किंचित हलवतो, आणि मग मातीचं ढेकूळ गळून पडावं तसं सगळं सुटतं.

उंबरठा

रानजाई!! अगं हेच. मी त्या ‘तरीसुद्धा’वरून दहा वेळा पुढे गेले असेन.

मी समजत होते की वांग नी म्हणतो माहीत नाही आणि तिंग म्हणतो माहीत आहे. पण तिंगच्या हातात वांग नी बसलेला आहे. प्रत्येक गाठीपाशी तो ‘मला कुठून माहीत असणार’ म्हणतो आणि म्हणूनच हळू होतो. घाव घालणारा आचारी बघा, त्याला माहीत आहे की इथे हाड नाही, म्हणून तो घालतो घाव, आणि महिन्यात सुरा जातो. तिंग चांगला कशावरून हा माझा प्रश्न होता, तर कुठल्या सिद्धांतावरून नाहीच, धार शाबूत आहे आणि बैल सुटलाय यावरून.

आणि आता ते प्रकरण सुरू होतं ते वाक्यही मला वेगळं वाचता येतंय. आयुष्याला काठ आहे, ज्ञानाला काठ नाही, काठ असलेल्यानं बिनकाठाच्या मागे धावणं धोक्याचं. मला वाटायचं हा शिकू नका म्हणतोय. तो म्हणतोय की सगळं कळल्यावर मग जगू असं ठरवू नका, सगळं कळणार नाहीये.

दूरदेशी

उशिरा आलो. मी सहा वर्षं चीनमध्ये सुचौला कामाला होतो, तिथली बोलायपुरती भाषा येते, म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो, कदाचित कुणाला आवडतील.

तिंगची गोष्ट तिथे कारखान्यात रोज ऐकू येते. एखाद्याला काम सहज जमत असलं की ‘यौ रन यौ यू’ म्हणतात, म्हणजे सुरा फिरवायला जागा आहे, वर उरतेय पण. आमच्या लाइनवरची एक फिटर बाई बेअरिंग बसवायची तेव्हा तिचा सुपरवायझर हेच म्हणायचा, आणि तो काही तत्त्वज्ञान बोलत नव्हता, आपण ‘हातचा मळ आहे’ म्हणतो तसं. माकडांची गोष्टही बोलण्यात आहे, ‘चाओ सान मू स’, सकाळी तीन संध्याकाळी चार, पण आता त्याचा अर्थ होतो धरसोड वृत्तीचा माणूस. विहिरीतला बेडूक तर जसाच्या तसा आपला कूपमंडूक! च्वांगत्सुमध्ये तो पूर्वसमुद्राच्या कासवाला सांगतो की माझ्या विहिरीसारखं सुख नाही, ये की आत, आणि कासवाचा एक पाय आत जायच्या आधीच दुसरा गुडघा अडकतो. मग कासव मागे सरतं आणि त्याला समुद्राबद्दल सांगतं.

पण मला खरं सांगायचंय ते माशांबद्दल. च्वांगत्सु आणि त्याचा मित्र ह्वेई शी, हा मोठा तर्कपंडित, दोघं हाव नदीच्या पुलावरून चाललेत. च्वांगत्सु म्हणतो, बघ मासे कसे मजेत सुळकन फिरतायत, हे माशांचं सुख. ह्वेई शी म्हणतो, तू मासा नाहीस, माशांचं सुख तुला कुठून कळलं? हा म्हणतो, तू मी नाहीस, मला कळत नाही हे तुला कुठून कळलं? तो म्हणतो, बरोबर, मी तू नाही म्हणून मला तुझं कळत नाही, तसाच तू मासा नाहीस, संपला विषय. तेव्हा च्वांगत्सु म्हणतो, पहिल्यापासून ये. तू विचारलंस ‘कुठून कळलं’, म्हणजे मला कळलंय हे धरूनच विचारलंस. मला इथून कळलं, पुलावरून.

चिनी मुळात ‘आन’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ ‘कसं’ पण होतो आणि ‘कुठे’ पण. इंग्रजीत ‘कसं’ म्हटलं की शेवटचं वाक्य तुटतं, भाषांतरकाराला खाली टीप द्यावी लागते. आणि आपल्या मराठीत? ‘तुला कुठून कळलं?’ आपण रोज असंच विचारतो. अख्खा खेळ जसाच्या तसा मराठीत येतो! पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बसमध्ये होतो, शेजारच्या माणसाला सांगावंसं वाटलं होतं.

रानजाई

काटा आला अंगावर. ‘इथून, पुलावरून.’

तिरपा_प्रकाश

दूरदेशी, हे फार सुंदर आहे. आणि यामुळे माझा आक्षेप जरा जागा बदलतोय. मी समजत होतो की हा माणूस कळणं नाकारतोय. पण इथे तर तो कळलं म्हणतोय आणि तर्कपंडित नाकारतोय! म्हणजे कळतं, पण कुठल्यातरी जागेवरून कळतं, सगळीकडून नाही. हे मला बऱ्यापैकी पटतंय. माकडांचं अजून पटलेलं नाही, ते मी सोडणार नाहीये, वाटणी कोण ठरवतंय हा प्रश्न राहतोच.

उंबरठा

नका सोडू. मनापासून म्हणतेय. हा ह्वेई शी पुस्तकभर त्याच्याशी भांडतो, मोठ्या भोपळ्यावरून, वाकड्या झाडावरून, बायको गेल्यावर च्वांगत्सु भांडं वाजवत गात बसला तेव्हा येऊन खडसावतो ते पण हाच, अरे तिनं तुझा संसार केला, रडत नाहीस ते नाहीस, गातोस काय? आणि च्वांगत्सु त्याला खरं उत्तर देतो, ती गेली तेव्हा मला काय दुःख झालं नाही असं वाटतं तुला?

मग ह्वेई शी आधी जातो. चोविसाव्या प्रकरणात च्वांगत्सु त्याच्या थडग्यावरून चाललाय, बरोबरच्यांना सांगतो की एका माणसाच्या नाकाच्या शेंड्यावर माशीच्या पंखाएवढा चुना लागला तर तो शी नावाच्या सुताराला सांगायचा उडव, सुतार वाऱ्यासारखी कुऱ्हाड फिरवायचा, चुना साफ, नाकाला ओरखडा नाही, आणि हा जागचा हलायचा नाही. पुढे राजानं सुताराला बोलावलं, म्हणाला माझ्यासमोर करून दाखव. सुतार म्हणाला, एकेकाळी करत होतो, पण तो समोर उभा राहणारा आता नाही. एवढं सांगून च्वांगत्सु म्हणतो, तू गेल्यापासून माझ्याकडेही समोर उभा राहणारा कुणी नाही, बोलायला कुणी उरलं नाही.

हे मी रात्री वाचलं आणि दिवा बंद करून बराच वेळ बसले होते.

मधली_आळी

ताई, मुलाला दाखवला हा धागा. तो म्हणतो पिठाचं ते मातीलाही लागू आहे, ढेकूळ हातात चुरडून बघतात वाफसा आलाय का. विचारतोय, त्या मंग गावाकडे कुठलं पीक घेत असतील?

दूरदेशी

हनान प्रांताच्या त्या भागात आता मुख्यतः गहू आणि मका. त्या काळी राळा भरपूर. मुलाला सांगा, पिवळ्या नदीनं आणलेली माती आहे ती, बारीक पिठासारखी.

तिरपा_प्रकाश

मी सतरावं प्रकरण काढून बसलोय. पुलाची गोष्ट अगदी शेवटी आहे, बेडूक त्याच्या आधी. वाचून झालं की माकडांवर परत येतो.